चवडा

चार फूट अकरा.
आधारकार्डावर उंची छापत नाहीत, बरं आहे.
पण शोरूममधल्या पोरानं ती डोळ्यांनीच मोजली
आणि मला काचेजवळच्या स्कूटीकडं वळवलं.
"मॅडम, गुलाबीसुद्धा आलीय."

म्हटलं, गिअरची पाहिजे.
बोगद्यापलीकडं परळी,
तिथनं वर ठोसेघर, चाळकेवाडी,
पाठीवर टपालाची पिशवी,
तीत कोर्टाच्या नोटिसा, पोराबाळांची रोपं नव्हेत, पण जपून न्यायची पत्रं,
कुणाचं तरी पॅनकार्ड, तीनदा परत गेलेलं.
वर पवनचक्क्या फिरवणारी हवा
हलक्या गाडीला कडेला, दरीकडं रेटते,
आणि बारकी चाकं खडीत रुसून बसतात.
"हो का," तो म्हणाला,
आणि एका गाडीचं स्टँड काढून
स्वतः हँडल धरून उभा राहिला,
जशी मी घोड्यावर बसणार होते.

बसले.
डावा अंगठा फरशीला, उजवा अधांतरी.
पत्रकावर लिहिलेलं: सीटची उंची आठशे पाच मिलिमीटर.
शेजारच्या गाडीची सातशे पंच्याऐंशी.
घरी येऊन फूटपट्टी काढली.
वीस मिलिमीटर म्हणजे
चार भाकरींची चळत, सकाळच्या.
एवढ्याच्या वर बसलं होतं सगळं.

मग सल्ले.
भावजी म्हणाले, शॉकअप खाली घेऊ, गाडी आपोआप बसते.
(ठोसेघरच्या वळणावर ती खरंच बसली असती, पोटावर.)
राजवाड्यापाशी मोची म्हणाला,
बुटाला तळ लावून देतो, दीडशे रुपये, दोन्हीचे.
आई म्हणाली, नव्या गाडीची सीट
कापतं होय कुणी, दुकानदार हसंल.
माझ्याकडं भिशीचे एकतीस हजार.
नव्या गाडीच्या हप्त्याला तर
माझा अंगठासुद्धा पोचत नव्हता.

गोडोलीत एका पत्र्याच्या शेडखाली
ताडपत्री झाकलेली शंभर सीसी.
मालक इमाम मुलाणी, दवाखान्यात कंपाउंडर, आता घरी.
ते दारात आले
आणि मला मान वर करावी लागली नाही.
बापय माणसाशी बोलताना
असं माझं फार वेळा होत नाही.

ताडपत्री निघाली. सीटला मधोमध खळगा,
कडेला निळ्या दोऱ्याचे हातानं घातलेले टाके.
"दोन बोटं फोम काढलाय," ते म्हणाले,
"अठरा वर्षं झाली. हसणारे हसले."
मी बसले. टाच नाही टेकली.
दोन्ही चवडे टेकले, पुरते.

"आता एक ऐक, पोरी.
दोन्ही पायांची हौस ठेवायची नाही.
गाडी थांबताना जरा डावीकडं सरक,
डावा टेकव, भक्कम.
उजव्याला ब्रेकवर काम असतं.
उंच माणसंबी एकाच पायावर उभी असतात,
त्यांना ठावं नसतं एवढंच."
मग गुडघा चोळत म्हणाले, "सत्तावीस दे. मागचा टायर मात्र बदल."

गुरुवारी बोगद्याच्या अलीकडं, चढावर,
पुढं उसाचा ट्रॉलीवाला थांबला, चहाला की भांडायला, कोण जाणे.
मी डावीकडं सरकले.
चवडा खाली, उजवा ब्रेकवर,
मांडीत थरथर, ती इंजिनाची का माझी, कळेना.
मागून हॉर्न. अजून एक हॉर्न.
काचेत बघितलं: मोठी गाडी, मोठा माणूस.
वाजवू दे.
ट्रॉली हलली, मग मी हलले. बंद पडली नाही.

चाळकेवाडीत पॅनकार्ड एकदाचं पोचलं.
म्हातारीनं आधी गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं,
आणि सही करायला माझाच पेन मागितला.

परत आल्यावर दिसलं,
निळा दोरा एका जागी उसवलाय.
टपालात निळा दोरा नसतो.
पार्सलं शिवायची सुतळी असते,
तिनंच दोन टाके घातले.